पडद्याची कैफियत

यंत्राला वीज दिली तेव्हा खेळाचे संगीत स्वच्छ ऐकू आले, टोकन पडल्याची खूण म्हणून व्हायचा तो आवाजही झाला. परंतु ज्या काचेवर एके काळी रंगीबेरंगी माणसे धावत असत तिच्या मधोमध, या कडेपासून त्या कडेपर्यंत, एकच एक आडवी, डोळे दिपवणारी पांढरी रेघ उमटली आणि वरची-खालची सारी काच काळीभोर राहिली. मी हताशपणे त्या रेघेकडे पाहत उभा असताना, बारामतीच्या त्या दुकानातील वृद्ध कारागिराने, ज्यांना सारी पेठ मामा म्हणते, माझ्या खांद्यावरून हात लांबवून प्रथम उजेडाचे बटण उलटे फिरवले, ती रेघ जेमतेम दिसेल इतकी मंद केली, आणि मगच स्टूल ओढून ते बसले.

"मास्तर, रेघ दिसली की आधी उजेड कमी करायचा," ते म्हणाले. "सगळी ताकद एका ओळीवर पडती. तशीच ठिवली तर काचंला जन्माचा डाग."

हे यंत्र इंदापुरातले. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात तालुक्याच्या गावी, एसटी स्थानकाच्या आसपास, एखाद्या गाळ्याला जाड पडदा लावून आत तीन-चार उंच लाकडी पेट्या मांडलेल्या असत, आणि शाळा सुटल्यावर दप्तर पाठीला तसेच ठेवून मुले त्या अंधाऱ्या गाळ्यात शिरत. एकाच्या हाती दांडा आणि बटणे, व त्याच्या पाठीशी सहा-सात जणांची सल्लामसलत, असा तो दरबार संध्याकाळपर्यंत चाले. त्या पेट्यांतील सर्वांत लाडका खेळ म्हणजे 'मुस्तफा'. कॅपकॉम या जपानी कंपनीने १९९३ साली काढलेल्या या खेळाचे छापील नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' असे होते. परंतु त्यातील मुस्तफा या पात्राने आपल्याकडच्या मुलांच्या मनाचा असा काही कबजा घेतला की मूळ नाव कोणाच्या तोंडी राहिलेच नाही. पुढे घरोघरी संगणक आले, नंतर प्रत्येकाच्या खिशात फोन आला, गाळे बंद झाले आणि पेट्या गोदामांत गेल्या. माझ्या एका माजी विद्यार्थ्याने गोदाम मोकळे करताना, ही पेटी भंगारात घालण्यापूर्वी, मला विचारले. आणि ज्या पेटीसमोर मी स्वतः विद्यार्थी असताना उभा राहिलो होतो ती भंगारवाल्याच्या काट्यावर चढावी हे मला सहन होईना, म्हणून टेम्पोत घालून मी ती बारामतीस आणली.

पेटीचे मागचे दार उघडल्यावर जे दिसले त्याने मला प्रथम थोडी निराशा वाटली. आत काही खास, परदेशी बनावटीचे उपकरण असेल अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात तेथे वीस इंची घरगुती रंगीत दूरचित्रवाणी संचाची पिक्चर ट्यूब, तिच्या खाली त्याच संचाची चॅसी, आणि खेळाच्या पाटीकडून, म्हणजे सर्किट बोर्डाकडून, आलेल्या पाच-सहा तारा एवढाच ऐवज होता. मामांना त्यात कमीपणा वाटला नाही, आणि इतिहास पाहिला तर वाटण्याचे कारणही नाही. अमेरिकेतील सनीव्हेल गावच्या एका मद्यगृहात १९७२ साली 'पाँग' या खेळाचे पहिले यंत्र ठेवण्यात आले तेव्हा अटारी कंपनीच्या अल् अल्कॉर्न या तरुण अभियंत्याने त्यात बाजारातून विकत आणलेला हिताची कंपनीचा साधा कृष्णधवल टीव्हीच बसवला होता. थोड्याच दिवसांत यंत्र बंद पडल्याची तक्रार आली म्हणून अल्कॉर्न तेथे गेला आणि पाहतो तो नाण्यांचा डबा काठोकाठ भरल्यामुळे नवे नाणे आत जात नव्हते. त्याच १९७२ साली, २ ऑक्टोबरला, मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले. आणि त्याच साली आपला हा मुलूख दुष्काळात होरपळत होता, बारामती-इंदापूरची माणसे खडी फोडायला दुष्काळी कामांवर जात होती. खेळाच्या पेट्यांशी आपला संबंध येण्यास अजून बराच अवकाश होता.

आता त्या रेघेकडे वळू. पिक्चर ट्यूब म्हणजे हवा काढून घेतलेला काचेचा मोठा फुगा होय. त्याच्या बारीक मानेत तापणाऱ्या कॅथोडपासून इलेक्ट्रॉनांचा झोत निघतो आणि समोरच्या काचेला आतून लावलेल्या फॉस्फरच्या लेपावर आदळून तेथे प्रकाश उत्पन्न करतो. कार्ल फर्डिनांड ब्राउन या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ साली ही नळी प्रथम सिद्ध केली. झोत एका वेळी एकाच बिंदूवर पडतो, तेव्हा संपूर्ण चित्र दिसण्यासाठी त्याला सर्व काचेवरून फिरवावे लागते. आणि हे फिरवणे कसे घडते हे आपल्या भागातील ज्या माणसाने एकदा तरी उसाला रात्रीची दारे धरली आहेत त्याला विनासायास कळेल. कालव्याची पाळी आली की पाणी पहिल्या सरीत सोडायचे, ते टोकाला पोचले की बारे मोडून दुसऱ्या सरीत वळवायचे, मग तिसऱ्या, आणि असे शेवटच्या सरीपर्यंत. ट्यूबच्या मानेवर तांब्याच्या वेटोळ्यांचे जे कडे बसवलेले असते, ज्याला योक म्हणतात, त्यातील एक वेटोळे झोताला डावीकडून उजवीकडे नेते आणि दुसरे त्याला एकेक ओळ खाली उतरवते. पहिले सरीतून पाणी नेणारे, दुसरे बारे मोडणारे. माझ्या यंत्रात पाणी नेणारा हजर होता, परंतु बारे मोडणारा झोपला होता. त्यामुळे सारे पाणी एकाच सरीत लोटत राहिले, आणि त्या सरीचा जसा चिखल झाला असता तसा काचेवरच्या त्या ओळीचा फॉस्फर जळून गेला असता. मामांनी उजेड आधी का कमी केला, याचा उलगडा इथे होतो.

एवढ्या एका रेघेने केवढी कैफियत दिली होती पाहा! काच उजळली याचा अर्थ मुख्य विद्युत्पुरवठा ठीक. ट्यूबला वीस ते पंचवीस हजार व्होल्टांचा दाब पुरवणारा ट्रान्सफॉर्मर, ज्याला सगळे कारागीर ईएचटी म्हणतात, तो ठीक. तो ट्रान्सफॉर्मर आडव्या फिरवणीच्याच जोरावर चालतो, तेव्हा आडवी फिरवणी ठीक. कॅथोड तापतो आहे, ट्यूब जिवंत आहे. राहिला तो फक्त उभ्या फिरवणीचा विभाग: एक आयसी, तिच्या आसपासचे पाच-सात सुटे भाग, आणि योककडे जाणाऱ्या दोन तारा. शेकडो भागांच्या त्या चॅसीवर संशयितांची यादी इतकी आखूड करून देणारी साक्ष दुसरी कोणती असू शकेल? नवशिका मनुष्य येथेच चुकतो. पडद्याची जबानी नीट ऐकून न घेता तो एकामागून एक भाग बदलत सुटतो आणि दहावा भाग बदलताना दोन चांगले बिघडवून ठेवतो. मामा मात्र दहा मिनिटे काहीही न करता नुसते पाहत बसले होते. माझ्या मते त्यांच्या कारागिरीचा मोठा हिस्सा त्या दहा मिनिटांत होता.

मग वीज काढली. वीज काढल्याने धोका टळत नाही, ही गोष्ट मी येथे मुद्दाम विस्ताराने सांगतो, कारण जुनी पेटी मिळाली म्हणून उत्साहाने तिच्यात हात घालणाऱ्या एखाद्या तरुणाचा जीव त्यावर अवलंबून असेल. पिक्चर ट्यूबची काच स्वतःच एका मोठ्या कंडेन्सरसारखी भार साठवून ठेवते, आणि तो भार प्लग काढल्यावरही पुष्कळ काळ टिकू शकतो. मामांनी लांब मुठीच्या स्क्रूड्रायव्हरला एक तार बांधली, तिचे दुसरे टोक ट्यूबच्या पाठीवरून जाणाऱ्या उघड्या अर्थिंगच्या वेणीला अडकवले, डावा हात पाठीमागे नेला, आणि उजव्या हाताने स्क्रूड्रायव्हरचे पाते ट्यूबच्या अंगावरील रबरी टोपीखाली हळूच सरकवले. टक् असा बारीक आवाज झाला. थोड्या वेळाने त्यांनी तेच पुन्हा केले, कारण काचेत मुरलेला भार काही वेळाने परत वर येतो. डावा हात पाठीमागे ठेवण्याचे कारण असे की दोन्ही हात गुंतलेले असता विजेचा मार्ग छातीतून जातो. पेटीत एक जड आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरही होता, तो का, असे मी विचारले, तेव्हा ते म्हणाले, "काही जुन्या टीव्हीची चॅसी सरळ लाईनीवर असायची. ती गेमच्या पाटीला जोडली म्हणजे टोकनच्या पत्र्यातसुदिक करंट. पोरं अनवाणी यायची वो."

चॅसी बाहेर काढून, उलटी करून, त्यांनी ती खिडकीच्या उजेडात धरली आणि घड्याळजीचे भिंग डोळ्याला लावले. उभ्या फिरवणीची आयसी ॲल्युमिनियमच्या जाड पट्टीला आवळलेली असते, कारण ती तापते. रोज तापणे व रोज निवणे, प्रसरण व आकुंचन, असे वर्षानुवर्षे होत राहिले की तिच्या पायांभोवतीच्या कथलाला सूक्ष्म तडा जातो. मला त्यांनी भिंग दिले. कथलाच्या चकचकीत टेकडीच्या मध्यावर, पायाच्या सभोवती, केसाहून बारीक असे एक काळे वर्तुळ दिसत होते, जणू पाय त्या टेकडीतून वेगळाच होऊन नुसता उभा आहे. यालाच ड्राय सोल्डर म्हणतात. असली तीन वर्तुळे आयसीखाली आणि एक योकच्या प्लगाखाली सापडले. जुने कथील उपसून, पाय खरवडून, मामांनी प्रत्येकाला नवा डाग दिला.

त्यानंतर पेटीची वीज थेट न देता, मालिकेत जोडलेल्या शंभर वॅटच्या बल्बमधून ती दिली. हा सिरीज बल्ब म्हणजे गरिबाचा पहारेकरी होय: आत कोठे शॉर्ट असेल तर बल्ब भगभगत राहतो आणि चॅसी वाचते, सर्व ठीक असेल तर क्षणभर उजळून तो मंदावतो. तो मंदावला. बल्ब काढून पूर्ण दाब दिला तेव्हा रेघ उघडून चित्र पसरले, आणि माझ्या तोंडून आनंदाचा उद्गार निघाला. मामांच्या मात्र निघाला नाही, कारण चित्राचा वरचा दोन बोटे भाग चादरीच्या दुमडीसारखा स्वतःवरच मुडपलेला होता आणि त्यात पांढऱ्या तिरप्या रेषा चमकत होत्या. ही दुसरी कैफियत. झोत तळाला पोचल्यावर त्याला झटक्यात माथ्यावर परत न्यावे लागते, त्या झटक्यासाठी लागणारा जादा दाब एक छोटा कंडेन्सर साठवून देतो, आणि तो सुकला की परतीचा प्रवास रेंगाळून पहिल्या काही ओळी वाटेतच उमटतात. कंडेन्सर काढून मीटरवर मोजला. अंगावर छापलेले मोल १०० मायक्रोफॅरड, प्रत्यक्षात अकरा. बाहेरून तो अगदी धडधाकट दिसत होता, फुगलेला नव्हता, गळलेला नव्हता. नवा लावताना ऋण टोकाची पट्टी कोणत्या बाजूला आहे याची मामांनी दोनदा खात्री केली.

या प्रांतात चॅसी लवकर म्हातारी का होते, याबद्दल मामांचे स्वतःचे निरीक्षण आहे आणि ते मला पटते. पंचवीस हजार व्होल्टांचा दाब हवेतील धूळ ओढून घेतो. आणि भवानीनगर, माळेगाव, सोमेश्वर या साखर कारखान्यांच्या भोवतालच्या गावांत गळिताच्या हंगामात धुळीबरोबर बगॅसची काजळीही उडते. ती दमट हवेत ईएचटीच्या रबरी टोपीभोवती जमली की ठिणगी सरपटण्यास वाट मिळते. शेतीपंपांच्या वीजवेळेत दाब इतका खाली-वर होई की स्टॅबिलायझर नसलेल्या यंत्राचा लाइन ट्रान्झिस्टर जाणे ही नित्याची बाब होती. शिवाय उबेला आलेल्या पाली. मामांनी चॅसीवरून काढलेल्या पालींचा हिशेब ठेवला नाही, एवढेच ते म्हणतात.

खेळाच्या मॉनिटरमध्ये आणि टीव्हीमध्ये फरक असा की टीव्ही अँटेनाकडून एकच मिश्र संदेश घेऊन त्यातून रंग वेगळे करतो, तर खेळाची पाटी लाल, हिरवा, निळा हे तीन रंग तीन वेगळ्या तारांनी आणि ओळी जुळवण्याचा सिंकचा इशारा चौथ्या तारेने पाठवते. १९८५ साली जपानमधील यंत्र-उत्पादकांच्या संघटनेने ५६ टोकांच्या जोडणीचा जो दंडक घालून दिला, जॅमा या नावाने जो सर्वत्र ओळखला जातो, त्यामुळे एक पाटी काढून दुसरी खोचली की तीच पेटी नवा खेळ खेळू लागते. रंगांच्या तारा वेगळ्या असण्याचा तपासाला मोठा उपयोग होतो. समजा, चित्रातून लाल रंग नाहीसा झाला आणि माणसांचे चेहरे हिरवट-निळे दिसू लागले. आता दोष पाटीचा की मॉनिटरचा? लाल आणि हिरव्या तारांची अदलाबदल करायची. पडद्यावर लाल परत आला आणि हिरवा गेला, तर मॉनिटर निर्दोष, पाटीकडूनच एक रंग येत नाही. लाल तरीही आला नाही, तर गुन्हा मॉनिटरकडे शाबीत. मीटर नाही, नकाशा नाही, दोन तारांच्या फेरपालटाने दोन प्रतिवादींतला खरा दोषी कोण ते ठरते; इतकी निर्मळ न्यायपद्धती मला दुसऱ्या कोठे आढळलेली नाही.

चित्र आता पूर्ण होते, परंतु सावकाश वर सरकत होते. येथे मला त्या दिवसातील सर्वांत मनोरम गोष्ट कळली. आपल्या दूरदर्शनच्या जुन्या प्रक्षेपणात दर सेकंदाला १५,६२५ ओळी काढल्या जात. 'मुस्तफा'ची पाटी, जपानमध्ये घडलेली, ८० लक्ष ठोक्यांच्या घड्याळावर चालते आणि एका ओळीस ५१२ ठोके देते. भागाकार करून पाहिला तर उत्तर नेमके १५,६२५. आडव्या दिशेने त्या घरगुती चॅसीला परकेपणा जाणवतच नव्हता. फरक होता तो उभ्या दिशेने: दूरदर्शनचे चित्र सेकंदाला ५० वेळा वरून खाली काढले जाई आणि या पाटीचे, २६२ ओळींचे, सुमारे साठ वेळा. इंदापुरातील ज्या कोणी अनाम कारागिराने त्या काळी ही जोडणी केली होती त्याने उभ्या ठोक्याचा प्रीसेट, म्हणजे जुळवणीचा छोटा खुंटा, तेवढाच फिरवला होता आणि जागेवरून हलू नये म्हणून त्यावर नेलपॉलिशचा लाल थेंब टाकला होता. जुना कंडेन्सर गेला, नवा आला, आणि तो थेंब आता केसभर चुकीच्या जागी होता. मामांनी तो नखाने खरवडला, प्रीसेट किंचित फिरवला, चित्र थांबले. मग मुलीच्या पेटीतील बाटली मागवून त्यांनी नवा थेंब टाकला.

पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात जांभळट डाग होता तो लोहचुंबकत्वाचा. वर्षानुवर्षे एका दिशेला तोंड करून उभी असलेली पेटी हलवली, किंवा कोणी स्पीकर ट्यूबच्या अंगाशी बसवला, की काचेमागील पोलादी जाळी चुंबकित होऊन झोत भलत्या रंगाच्या ठिपक्यांवर पडतात. मामांकडे जुन्या टीव्हीच्या डिगॉसिंग कॉइलचे कडे आहे. ते त्यांनी आरती ओवाळावी तसे पडद्यासमोर गोल फिरवले, फिरवत फिरवत पाच-सहा पावले मागे गेले, आणि दूर गेल्यावरच बटण सोडले. डाग गेला. मानेवर रंगाने सील केलेल्या चुंबकी चकत्या असतात, त्या मात्र त्यांनी मला बोटानेही स्पर्शू दिल्या नाहीत. कारखान्यात एकदा जुळवलेले तीन रंगांचे मेळ त्या चकत्यांवर असतात.

तरीही लाल रंग थोडा मंदच राहिला. तार बदलून पाहिली, मानेवरच्या पाटीचे डाग पाहिले, दाब मोजले. सारे जागच्या जागी. लाल झोताचा कॅथोड झिजला होता. तापक तारेचा दाब वाढवून थकलेल्या कॅथोडला काही महिने तजेला आणता येतो आणि पुष्कळ दुकानदार तसे करीत असत. मामांनी नकार दिला. टीव्हीच्या नव्या ट्यूबा आता कोठे घडत नाहीत, आणि जोर देऊन जाळलेला कॅथोड परत मिळत नाही. त्यांनी हिरवा आणि निळा तेवढेच खाली आणले, इतके की पांढरी अक्षरे पुन्हा पांढरी दिसू लागली. एकूण चित्र संध्याकाळच्या उन्हासारखे मऊ झाले.

मग त्यांनी गल्ल्याखालून पुठ्ठ्याच्या बांधणीची वही काढली. कडा तेलकट झालेल्या त्या रोजनाम्यात प्रत्येक दुरुस्तीला एक ओळ आहे: तारीख, गाव, पडद्यावर काय दिसले, काय निघाले. मी मागची पाने चाळली; भिगवण, सणसर, निमगाव केतकी, काटेवाडी, वालचंदनगर, एकेका ओळीत एकेका घरातली बंद पडलेली संध्याकाळ. नव्या ओळीवर त्यांनी टोक केलेल्या पेन्सिलीने लिहिले: "इंदापूर, गेमची पेटी. आडवी रेघ. आयसीचे डाग तीन, योक एक. वर दुमड, कंडेन्सर १००. प्रीसेट." एवढे लिहून ते थांबले, पडद्याकडे एकदा पाहिले, आणि पुढे जोडले: "लाल मंद. तसाच ठेवला."